मुठीच्या आतले पोलाद

जांबोटी, ता. खानापूर
आषाढ

चि. लेकीस,
अनेक शुभाशीर्वाद.

तू पाठवलेली तिन्ही चाकूंची चित्रे मी आणि तुझ्या बाबांनी काल रात्री नीट पाहिली. दिवाळीनंतर तुमच्या महाविद्यालयाची रानातली कामे सुरू होणार, तेव्हा शिरसीच्या जंगलात आणि खोलीवरच्या रोजच्या कामात असा दोन्हीकडे चालेल असा एकच न मिटणारा चाकू घ्यायचा, हा तुझा विचार मला पटला. तुझी निवड मात्र पटली नाही. तुला आवडलेला काळ्या पात्याचा, पाठीवर करवतीचे दात असलेला चाकू तिघांत सर्वांत देखणा आहे, पण त्या चित्रात मला जे पाहायचे होते तेच कुठे दिसले नाही, आणि ते म्हणजे मुठीच्या आत पाते किती खोल जाते.

मिटणारा चाकू नको म्हणालीस ते बरोबरच आहे. त्याचा सगळा भार एका खिळीवर असतो, सांध्यात चिखल आणि फणसाचा चीक जाऊन बसतो, आणि ओल्या हाताने जोर लावताना पाते बोटांवर मिटण्याची धास्ती कायम राहते. न मिटणाऱ्या चाकूत हलणारा भागच नसतो. पण तोही मोडतो, आणि मोडतो तो बहुधा एकाच जागी. माझ्या डाव्या अंगठ्याखालचा व्रण तू लहानपणापासून पाहत आलीस. त्याची हकिगत मी तुला कधी नीट सांगितली नव्हती.

तू बालवाडीत असताना परसात काकडीच्या मांडवासाठी मी कळकाच्या कामट्या काढत होते. हातात बाजारातून आणलेला, लाल चकचकीत लाकडी मुठीचा नवा चाकू होता. कळकाच्या पेऱ्याशी पाते अडले म्हणून मी मूठ जराशी पिळली, तर मूठ हातात राहिली आणि पाते उसळून अंगठ्याखाली शिरले. पाच टाके पडले. जखम भरल्यावर मी ते दोन तुकडे उजेडात घेऊन बसले. रुंद पाते मुठीत शिरताना एकदम काटकोनात अरुंद केलेले होते आणि आतली पोलादाची शेपटी जेमतेम करंगळीच्या दोन पेरांएवढी, राळेत रोवलेली होती. राळ भुसभुशीत झाली होती. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंजलेला होता आणि उरलेला अर्धा साखरेच्या दाण्यांसारखा चमकत होता. काळा भाग जुन्या चिरेचा, चमकणारा त्या दिवशी तुटलेला. म्हणजे काटकोनाच्या कोपऱ्यातून चीर आधीच निघालेली होती, तीत मुठीतून झिरपलेले पाणी बसले होते, आणि मी कित्येक दिवस अर्ध्याच पोलादावर जोर देत होते. बाहेरून त्या चाकूला काहीही झालेले दिसत नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट ही, की पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत, मुठीच्याच आकाराचे, सलग गेलेले असावे. याला दुकानदार फुल टँग म्हणतात. मुठीच्या दोन फाळक्यांच्या मधोमध पोलादाची कड सगळीकडून दिसली, तर अंदाज बांधावा लागत नाही. खरेदी करताना मुठीचा माथा आणि पाठ दाखवणारे चित्र मागून घे आणि ते दिले नाही तर तो चाकू सोडून दे. याला एक प्रामाणिक अपवाद सांगते. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू जगभर वापरले जातात, आणि त्यांच्या नेहमीच्या नमुन्यांत पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. पण ते बरेच आत जाते आणि त्याभोवतीच मूठ घट्ट ओतलेली असते, त्यामुळे कापण्या-तासण्याच्या कामाला ते वर्षानुवर्षे पुरतात. लाकूड फोडताना पात्याच्या पाठीवर ठोकायचे असेल तर मात्र मी सलग पोलादच घेईन.

आता पोलादाविषयी. आपल्याकडे आणि शिरसीला पावसाळा म्हणजे चार महिने कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते, तेव्हा हा प्रश्न कोरड्या मुलुखातल्या माणसासारखा सोडवता येणार नाही. साधे कार्बनचे पोलाद, उदाहरणार्थ ज्याला १०९५ म्हणतात आणि ज्यात कार्बन सुमारे ०.९५ टक्के असतो, छान धार घेते, दगडावर पटकन लागते, पण कैरी चिरून तसेच ठेवले तर तासाभरात काळे पडते आणि रात्रभर ओले राहिले तर तांबूस गंज धरते. काळेपणाला भिऊ नये, तो पात्याला थोडेफार राखतोच. तांबूस गंज मात्र पाते खातो. न गंजणाऱ्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते, आणि चाकूंसाठीच्या चांगल्या पोलादात ते १३ टक्क्यांच्या आसपास किंवा वर जाते. मोराचे चाकू ज्या १२सी२७ पोलादाचे मिळतात ते याच जातीचे. तू दमून आल्यावर चाकू पुसशीलच अशी खात्री मला देता येत नाही, बाळ, कारण तुझी ओली छत्री आठवडाभर कोपऱ्यात पडलेली मी पाहिली आहे. म्हणून तू न गंजणारेच घे. त्यालाही गंज अजिबात येत नाही असे नाही, मीठ आणि आंबट रस लागून राहिले तर ठिपके पडतातच, पण एखादी चूक ते पोटात घालते.

न गंजणारे म्हटले की भांड्यांचे स्टील डोळ्यांपुढे आणू नकोस. ताटवाट्यांच्या स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल भरपूर असले तरी कार्बन नगण्य असतो, ते तापवून विझवले तरी कडक होत नाही आणि त्याला धार टिकत नाही. स्वस्त चाकू याच पत्र्यातून कापलेला असू शकतो. लोहचुंबक पात्याला लावून पाहा. चिकटले नाही तर तो चाकू घेऊ नकोस. चिकटले म्हणजे चांगलाच असे मात्र समजू नये. तुझ्या यादीतला दुसरा चाकू डी२ पोलादाचा आहे. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का आणि क्रोमियम बाराच्या घरात असते. धार फार काळ राहते हे खरे, पण ती गेली की साध्या दगडावर परत आणताना हात भरून येतात, आणि गाठीच्या लाकडावर तिचे टवके उडतात. पहिल्या चाकूला ते नको.

बाबांचे म्हणणे, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून आपल्या लोहाराकडूनच घडवून घ्यावा. कमानपाट्याचे पोलाद चिवट असते, आणि आपल्या घरचे कोयते त्याचेच आहेत. लाखो हिसके खाल्लेल्या पाट्यात बारीक चिरा असू शकतात, एवढी एकच शंका मला आहे. शिवाय सगळे काही पाणी देण्यावर, म्हणजे पाते तापवून विझवण्यावर आहे. मी लहानपणी भात्याजवळ बसून पाहिले आहे. लोहार पाते चेरीसारखे लाल करी, चुंबक चिकटेनासे झाले की आणखी जरा थांबून तेलात बुडवी, मग घासून उजळलेले पाते पुन्हा मंद आचेवर धरून गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढेपर्यंत डोळे हलवत नसे. पहिल्या बुडवणीने पोलाद काचेसारखे कडक पण ठिसूळ होते, आणि दुसऱ्या तापवणीने, जी साधारण २०० अंशांपलीकडची असते, ठिसूळपणा निघतो. हे घाईत झाले तर उत्तम पोलादही वाया जाते. छापील माहितीत कडकपणा एचआरसी या मापाने दिलेला असतो. ५६ ते ५८ असेल तर धार आणि चिवटपणा दोन्ही जमतात. आकडा दिलेलाच नसेल तर विचारावे.

लांबी चार इंच, फार तर पाच. जाडी पाठीकडे तीन मिलिमीटर, फार तर चार. सहा मिलिमीटरचे पाते पहारीसारखे दणकट वाटते, पण कांदा चिरण्याऐवजी फोडते. धार एकाच बाजूला असावी, पाठ सरळ असावी, दातेरी भाग नसावा, कारण ते दात लावायला वेगळी साधने लागतात आणि पाठीवरचे दात अंगठा टेकू देत नाहीत. मोठ्या फांद्यांना कोयता आहेच. शिरसीच्या बाजारात कत्ती मागितलीस तर तोच पुढे येईल. चार इंचांच्या चाकूने कोयत्याचे काम करायला जाऊ नये.

मूठ अंड्याच्या आकाराची असावी, म्हणजे अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळते. धारेकडच्या टोकाशी छोटासा उंचवटा असावा, म्हणजे ओले बोट पुढे घसरत नाही. लाकूड मला प्रिय आहे, पण पावसात ते फुगते, उन्हाळ्यात आटते आणि खिळ्यांभोवती फट पडते, आणि त्या फटीतून काय होते ते वर सांगितलेच. कापडाचे थर राळेत दाबून केलेले मायकार्टा ओल्या हातातही पकड देते. तुझ्यासाठी तेच बरे.

चामड्याचे म्यान घेतलेस तरी चाकू त्यात ठेवून निजू नकोस. चामडे ओल धरून ठेवते. गेल्या खंडेनवमीला आपण कोयत्यांना आणि सुऱ्यांना हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला, आणि दुसऱ्या दिवशी मी पुसायचे विसरले. चार दिवसांनी पाहते तो माझ्या जुन्या सुरीवर कुंकवाचा ओला ठिपका होता नेमका तिथे, तेवढ्याच आकाराचा, बोटाला खरखरीत लागणारा गंज उमटला होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही. प्लॅस्टिकचे, तळाला पाणी निथळायला भोक असलेले म्यान घे. फणस कापण्याआधी पात्याला खोबरेल लावतेस तसेच लावत जा, चीक चिकटत नाही. पण महिनोन्‌महिने ठेवायचे असेल तर शिलाई यंत्राचे तेल लाव. खोबरेल खवट होते.

धार लावायला दोन बाजूंचा, एक भरड आणि एक बारीक असा दगड पुरे. कोन साधण्यासाठी कागदाचा चौकोनी कोपरा एकदा घडी घाल, ४५ अंश होतात, पुन्हा घाल, साडेबावीस होतात. ती घडी दगडावर टेकवून पाते तिच्याहून किंचित खाली धर. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बारीक कड उठलेली अंगठ्याला आडवी लागली, की बाजू बदल. शेवटी तरुण भारतचे जुने पान धरून कापून पाहा. फाटले तर अजून घासायचे आहे.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळायची. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे, घरगुती वा शेतीसारख्या कामासाठी नसलेले चाकू शस्त्र म्हणून धरलेले आहेत. तुझा त्यात बसत नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही आहे, आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. आपले भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तेव्हा घरी आलीस तरी तिकडे जाताना हे लक्षात असू दे. महाविद्यालयाच्या कामाला जाताना प्राध्यापकांना आधी विचार, आणि खोलीवर ठेवायलाही अधीक्षकांची संमती घे. बसमध्ये चाकू पिशवीच्या तळाशी, म्यानात असावा.

तर काळा चाकू काढून टाक. तुझ्या चित्रांतला तिसरा, साध्या मुठीचा, चार इंची, मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. त्याच्या मुठीच्या माथ्याचे चित्र आणि कडकपणाचा आकडा दुकानदाराकडून मागव आणि मला पाठव. पैसे बाबा शनिवारी बेळगावला जातील तेव्हा भरतील. दगड विकत घेऊ नकोस. तुझ्या आजोबांचा आहे, मधोमध खोलगट झाला आहे, तो मी सपाट करून ठेवते.

तुझी,
आई