मशीन ओरडत असताना तुम्ही स्पीड वाढवलात, त्याबद्दल

आदरणीय ताई,

वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, पण त्या दिवसापासून तोंडात ताईच बसलंय.

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये तुम्ही आलात, तेव्हा व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) अॅल्युमिनियमचा खोल पॉकेटचा, म्हणजे आत खोल खाच कोरायचा, जॉब चालू होता. १६ मिमीचा तीन दातांचा कार्बाइड एंडमिल (फिरत कापणारा टूल), ७५०० आरपीएम म्हणजे मिनिटाला तितके फेरे, आणि आवाज असा की शेजारच्या शेडमधली पोरं डोकावून जायची. पॉकेटच्या भिंतींवर चॅटरच्या, म्हणजे टूलच्या थरथरीच्या, रेघा, कोपऱ्यात अकरा रिजेक्ट. स्पीड ६५०० वर आणून झाला होता, फीड (टूल पुढं सरकायचा वेग) कमी केला होता, डेप्थ (एका वेळी कापायची खोली) १ मिमीवर आली होती. खरखर काही जाईना.

वडिलांनी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवला. मशीन ओरडलं की स्पीड उतरवायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि माझ्या पोरांना शिकवलं.

तुम्ही मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केलात आणि त्याचा आलेख काढून दाखवलात. त्यात दोन उंच टोकं होती. एक ३७५ हर्ट्झवर: ७५०० गुणिले तीन दात, भागिले ६०. म्हणजे सेकंदाला इतके दात जॉबला लागतात. दुसरं ५४० वर. हे दातांचं नाही, टूल, होल्डर आणि स्पिंडल मिळून ज्या वेगानं थरथरतात त्याचं आहे, असं तुम्ही सांगितलंत. एक दात थरथरत कापतो आणि पाठीमागं लाटा सोडतो. पुढचा दात त्या लाटांवरूनच जातो. त्याच्या लाटा आधीच्या लाटांशी जुळल्या नाहीत तर चिप कुठं जाड, कुठं पातळ होते, टूलला उलटसुलट धक्के बसतात आणि थरथर वाढतच जाते. दोन्ही लाटा जुळल्या तर चिप सारख्या जाडीची निघते आणि टूल शांत राहतो.

लाटा जुळायच्या तर सेकंदाला दातही ५४०च लागायला हवेत, म्हणून ५४० गुणिले ६०, भागिले तीन. १०८०० आरपीएम. मी सगळ्यांसमोर नाही म्हणालो. तुम्ही न रागावता कोपऱ्यातला एक रिजेक्ट जॉब मागून घेतलात, दर दाताचा फीड तोच राहील असा एकूण फीड वाढवलात आणि सायकल सुरू केलीत. पहिल्या कटातच नुसता एकसुरी घूं आवाज. डेप्थ ३ मिमीपर्यंत नेली तरी रेघ नाही. त्याच्या निम्म्यावर, ५४०० वरही अशीच एक शांत जागा आहे, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आम्ही उतरता उतरता तिच्या अलीकडंच थांबलो होतो.

टूल होल्डरमधून १०० मिमी बाहेर होता, तो ८० वर घ्यायला लावलात. ताठपणा लांबीच्या घनानं बदलतो, त्यामुळं टूल जवळजवळ दुप्पट ताठ झाला. त्यानं थरथरीचा आकडाही बदलला, म्हणून पुन्हा रेकॉर्ड करून नवा आरपीएम काढलात. ही शिस्त आता पोरांच्या हातात बसलीय. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) जॉबला हा हिशोब तसाच लावू नका, तिथं स्पीड वाढवला की टूल उष्णतेनं जाईल, हेही बजावलंत. त्या जॉबला असमान अंतरावर दात असलेला कटर सुचवलात, तो मागवलाय.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. वडील त्या दिवशी खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. तुम्ही त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "काका, तुमच्या लेथवर तुमचंच बरोबर होतं." हळू स्पीडला टूलचा मागचा भाग लाटांवर घासतो आणि थरथर दाबून टाकतो, म्हणून स्पीड उतरवला की आवाज थांबायचा. धातू कापण्याच्या शास्त्रावर काम केलेले अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर यांनीसुद्धा १९०७ साली चॅटरला कारागिरापुढचा सगळ्यात गूढ प्रश्न म्हटलं होतं, आणि त्याचं गणित टोबायस, ट्लुस्टी यांच्यासारख्या संशोधकांनी १९५० नंतर बसवलं, हेही तुम्ही त्यांना निवांत सांगितलंत. आयुष्यभराचं काम चुकीचं ठरलं असं तुम्ही त्यांना एक क्षणही वाटू दिलं नाहीत. मला ते तसं मांडता आलं नसतं.

तुम्ही गेल्यावर ते उठले, मशीनच्या कॉलमवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आता सुरात हाय. पोरीला जेवायला बोलवायचं होतंस की रं."

तर ताई, एका रविवारी जेवायलाच या.

आपला,
शिरोलीचा एक जॉबवर्कवाला