पक्यास, मिरजेहून

मिरज
११ मे, रात्रीचे अडीच

प्रिय पक्या,

फोनच करणार होतो. पण या वेळेला फोन वाजला तर वहिनींना वाटणार कुणीतरी गेलं, आणि कुणी गेलेलं नाही कळल्यावर त्या मला घालवणार. म्हणून लिहितोय. आठ महिने माझ्याकडून काही नाही, तुझ्या वाढदिवसाला नुसतं केकचं चित्र टाकलं, सगळं मान्य. शिव्या शेवटी दे, आधी वाच. तब्येत बरी. बीपीची गोळी चालू, एक दाढ काढली. झालं.

घरात एकटा आहे. ही आणि पोरगी इचलकरंजीला, आई दादाकडे. आणि लेका, आज मी घाबरलो. चांगला घाबरलो. उठून मागच्या दाराची कडी दोनदा बघून आलो, बाथरूमचा दिवा मुद्दाम चालू ठेवलाय. हस. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे सांगणार नाही, आणि का ते पुढे कळेल.

झालं असं की भाच्याने एक अल्बम पाठवला. भाचा म्हणजे पुण्यातला, इंजिनिअरिंगच्या नावाखाली रॅप करतो तो. "मामा, तू भुताच्या कादंबऱ्या वाचून मोठा झालास म्हणतोस ना? मग हे ऐक. एकट्याने. हेडफोन लावून, दिवे घालवून." मी म्हटलं, रॅप ऐकून कोण घाबरतं? शेजारी घाबरतात फार तर. रॅप म्हणजे माझ्या लेखी गळ्यात साखळ्या घालून गाडीच्या बॉनेटवर बसलेली माणसं. तर त्याने मला अर्धा तास शिकवलं. म्हणे यात भयाचं वेगळं घराणंच आहे, हॉररकोर म्हणतात. ह्यूस्टनचे गेटो बॉईज, त्यांचं १९९१ चं डोकं फिरल्याचं गाणं. मेम्फिसच्या घरगुती कॅसेटी. न्यूयॉर्कचे ग्रेव्हडिगाझ, १९९४. आणि हा अल्बम म्हणजे त्या सगळ्या घराण्याला केलेला नमस्कार.

क्लिपिंग नावाचे लॉस एंजेलिसचे तिघे आहेत. गाणारा डेव्हीड डिग्ज. हा ब्रॉडवेच्या संगीत नाटकातला नट, २०१६ साली टोनी, म्हणजे नाटकांचं मोठं बक्षीस, मिळालेला, म्हणजे आपल्या हिशेबात नाट्यसंगीतवालाच की. बाकीचे दोघे, हटसन आणि स्नाइप्स, कर्कश आवाज गोळा करून त्यांचं संगीत करतात. अल्बमचं नाव 'देअर एक्झिस्टेड ॲन ॲडिक्शन टू ब्लड', ऑक्टोबर २०१९ चा. काढला कुणी माहितेय? सब पॉपने! तुझ्या त्या निर्वाणा बँडचा १९८९ चा पहिला अल्बम काढणारी सिॲटलची कंपनी. तुझी निर्वाणाची कॅसेट मी उन्हात ठेवून वितळवली नाही, हे या निमित्ताने शेवटचं सांगतो. ती तुझ्याच लूनाच्या पिशवीत होती.

तर अकराला दिवे घालवले. शब्द निम्मे कळत नाहीत, इतक्या भराभर बोलतो तो. पण तरी कळतं. पहिलंच खरं गाणं, पियानोचा एकच सूर टक टक टक, जुन्या इंग्रजी भयपटांत असायचा तसा, आणि एका घरात कोंडलेली माणसं. बाहेरून कुणीतरी चालून आलंय. मला वाटलं ठीक आहे, एवढंच ना. मग एक गाणं आलं, 'रन फॉर युअर लाइफ'. यात ठेकाच नाही. म्हणजे आहे, पण तुझ्यापाशी नाही. तू रस्त्याच्या कडेला दबून बसलायस असं धर, आणि गाड्या जातायत. त्या गाड्यांतल्या टेपवर ठेका वाजतोय. गाडी लांबून आली की ठेका येतो, पुढून जाते, ठेका विरतो, मग नुसता सुनसान रस्ता. आणि शोधणारी एक बाई आहे, तिचा आवाज कुठे जात नाही. ती मेम्फिसची ला चॅट.

नेमकी त्याच वेळेला खालून कुणाची तरी वरात गेली. मे महिना, डीजे तर असणारच. मला कळेना की हा ठेका कानातला की रस्त्यावरचा. हेडफोन काढले. खरंच रस्त्यावरचा होता. वरात कोपऱ्यावर वळली, आवाज बारीक झाला, आणि मी अंधारात हेडफोन हातात धरून बसलो. आपल्या त्या मुंज्याच्या रात्रीसारखा. (तू माझी चप्पल घेऊन पळाला होतास. पिंपळाखाली मी एका पायावर उभा. मुंज्यासुद्धा हसला असेल.)

भाच्याने एक गोष्ट आधीच सांगितली होती. हा डिग्ज या गाण्यांत 'मी' म्हणत नाही. नियमच आहे तिघांचा. रॅपमध्ये सगळं मी, माझं, मला. आणि हा प्रथमपुरुष वापरतच नाही. खून होतोय, कुणी पळतंय, कुणी बघतंय, पण 'मी केलं' असं कुणी नाही. पहिल्यांदा वाटलं, कलाकारांची खोडी. तासभर ऐकल्यावर त्यातच भीती आहे हे समजतं. केलंय तर खरं, पण करणारा सापडतच नाही.

आता शेवटचं. त्याच्यासाठीच हे पत्र. बाकीचं सगळं तुला भाचाही सांगू शकला असता.

शेवटी अठरा मिनिटांचा तुकडा आहे. नाव 'पियानो बर्निंग'. रॅप नाही, ठेका नाही, माणूसच नाही. एक पियानो जाळलाय आणि तो जळताना ऐकायचा. ही कल्पना मूळ ॲनिया लॉकवूडची. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली संगीतकार, १९६८ साली लंडनला तिने पहिल्यांदा पियानो पेटवला. यांनी तिची ती रचना आपल्या अल्बमच्या शेवटाला आणून ठेवली.

सुरुवातीला नुसती चरचर, काटक्या पेटल्यासारखी. मला बरंच वाटलं, म्हटलं भीती संपली, आता शेकोटी. मग आत कुठेतरी लाकूड तडकलं. मग तार तुटली. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात रे, सगळ्या ताणलेल्या. एकेक सुटते तेव्हा ठण्ण करून आवाज होतो आणि तो आगीतच बुडतो. पाच-सहा मिनिटांनी माझ्या हाताला घाम. पक्या, मला आपल्या वाड्यातल्या माई दिसल्या.

हां. तीच होळी.

तू म्हणशील, पुन्हा काढलंस. दर वेळी तू एकच म्हणतोस: माईंची ती बाजाची पेटी मोडकीच होती. सातवीतही म्हणालास, माझ्या लग्नात म्हणालास, गणपतीत दादासमोर म्हणालास. तुझा तेव्हाचा युक्तिवादही मला पाठ आहे: "माई दोन वर्षं म्हणतायत सूर बसलेत, माणूस यायचाय दुरुस्तीला. मिरजेत अख्खी गल्ली वाद्यं करणाऱ्यांची, पाच मिनिटांवर. आणि माणूस यायचाय? मेलीय ती पेटी." तेव्हा मला पटलं होतं. आता पोरीच्या फीचे हप्ते भरताना कळतं की माणूस का येत नव्हता. माणसाला पैसे द्यावे लागतात.

तर या लॉकवूडबाईंची एक अट आहे, भाच्याने पाठवलेल्या माहितीतच होती. जाळायचा पियानो दुरुस्तीपलीकडे गेलेलाच हवा. चांगल्याला हात लावायचा नाही. ते वाचलं होतं मी संध्याकाळीच, तेव्हा काही वाटलं नाही. बाराव्या मिनिटाला आठवलं आणि हेडफोन ओढून फेकले.

छत्तीस वर्षं तुला जे सांगितलं नाही ते आता सांगतो. तू पुढे होतास, आडाकडचं दार उघडायला. जिन्याखालून पोतं मी एकट्याने ओढलं. उंबऱ्यावर पेटी कलली, कडी निसटली, भाता उघडला आणि ती वाजली. एक पट्टी दाबली गेली असणार. बसका नाही, फाटका नाही. सरळ, स्वच्छ सूर. माईंच्या खोलीत दिवा होता. मी भात्यावर पोट टेकून तसाच पडून राहिलो, हवा संपेपर्यंत. तू आलास, "काय झालं?" म्हणालास. मी म्हटलं, "पाय घसरला."

मोडकी नव्हती, पक्या. निदान अख्खी मेलेली नव्हती. मला माहीत होतं आणि मी ती उचलली. कारण पलीकडच्या गल्लीची होळी आपल्यापेक्षा उंच होती आणि तू म्हणाला होतास, शेळपट कोण ते आज कळेल. म्हणजे तुलाही सोडत नाही मी. पण पोतं मी ओढलं.

तुला आगीतला आवाज आठवतो? तू म्हणतोस वारा. वारा नव्हता. गोवऱ्यांच्या आत आपण ती बसवली होती, एरंडाला टेकून, वरून काटक्या. आतली हवा तापली, भाता फुगला असणार, आणि पेटी एकदाच, लांब, हुंकारली. सगळे तोंडावर हात मारून बोंबा मारत होते म्हणून कुणाला कळलं नाही. तू काठीने नारळ ओढत होतास, तुझा हात थांबला. मी पाहिलंय. आणि माई पलीकडून पाण्याची धार धरून प्रदक्षिणा घालत होत्या. त्यांचीही धार थांबली. तांब्या तसाच कललेला आणि पाणी पडेना. मग परत चालू झाल्या, प्रदक्षिणा पूर्ण केली, पुरणपोळी आगीत टाकली, घरी गेल्या.

आणि कधी विचारलं नाही. हेच मला आज रात्री बसू देत नाही. जिन्याखालची पेटी नाहीशी होते आणि बाई एका शब्दाने विचारत नाही? मांजर हरवलं तर वाडा डोक्यावर घेणारी बाई. ना तुझ्या आईला, ना माझ्या. दुसऱ्या दिवशी धुळवडीला आपल्याला बोलावून करंज्यासुद्धा दिल्या. त्या तू चार खाल्ल्यास.

मी आजवर ही गोष्ट दहा जणांना सांगितली असेल. ऑफिसात, हिला, होळीच्या दिवशी हटकून. दर वेळी काय म्हणतो माहितेय? "वाड्यातल्या पोरांनी एकदा पेटी जाळली." पोरांनी. लोक हसतात. मीपण हसतो.

बरं, तुझं विचारायचं राहिलं. वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन करायचं तर पावसाळ्याआधी करा, नंतर पायऱ्या ओल्या. ओंकारचा निकाल लागला की कळव, कितीही लागू दे, आपले किती होते ते त्याला सांगू नको म्हणजे झालं. बदलीचं काय झालं? नाशिक बरं की.

आता खरं विचारतो. रविवारी मला सांगलीला जायचंय. आईने माईंसाठी लोणच्याची बरणी काढून ठेवलीय. माई विश्रामबागेत लेकीकडे असतात, सत्त्याऐंशीच्या झाल्या. मागच्या खेपेला गेलो तर ऐकू कमी येतं म्हणून रेडिओ कानाशी धरून बसल्या होत्या, नाटकाची पदं चालू होती, आणि मांडीवर उजव्या हाताची बोटं हलत होती. मी पाहिलं आणि चहा पिऊन निघालो.

सांगू का? ही म्हणेल, सत्त्याऐंशीच्या बाईला आता कशाला त्रास. तिचं बरोबर असेल. पण त्यांना माहीत असलं तर? त्या छत्तीस वर्षं वाट बघत असल्या तर की या दोघांतलं कोण आधी तोंड उघडतं? आणि माहीत नसलं, तर मी कुणासाठी सांगणार, त्यांच्यासाठी की माझ्या झोपेसाठी? तीन तास झाले, याच्या पुढे जात नाही मी. अल्बमही अपुराच ठेवलाय, सहा मिनिटं राहिलीत. ती रविवारनंतर.

एक काम कर. धुळवडीच्या सकाळी राखेतून तू पेटीतला एक सूर, म्हणजे आतली वाजणारी पट्टी, उचलला होतास, पितळेचा, बोटाएवढा, काळाकुट्ट. मातीने घासून कंपासपेटीत ठेवला होतास. आठवीत भूगोलाच्या तासाला तोंडात धरून फुंकायचास आणि बाई खिडकीबाहेर बघायच्या. म्हणजे तोही वाजत होता, लेका, जळून निघाल्यावरसुद्धा. तू वस्तू टाकत नाहीस, तुझ्या माळ्यावर लूनाचं पेडलसुद्धा आहे. बघ सापडतो का. सापडला तर कापसात गुंडाळून शनिवारच्या आत मिळेल असा कुरिअर कर. पत्ता तोच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता.क. नाही सापडला तरी रविवारी सकाळी फोन कर. नऊच्या आत. मी सव्वानऊची एसटी धरतोय.