पहिला हप्ता कधी, हेही विचारा

महोदय,

विकसनशील देशांतल्या छोट्या उद्योगांची चर्चा निघाली की ती किती कर्ज वाटले यावरच येऊन थांबते. गेल्या दोन दशकांतल्या संशोधकांनी वेगळे प्रश्न विचारले. त्यांची दखल मात्र अर्थपानावर क्वचितच दिसते.

भांडवलाची चणचण खरी आहे, यात वाद नाही. श्रीलंकेत सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुड्रफ यांनी सोडत काढून अगदी लहान व्यावसायिकांना १० किंवा २० हजार श्रीलंकन रुपयांची मदत दिली. त्यावर महिन्याला सुमारे ५ टक्के परतावा मिळाल्याचे त्यांनी २००८ मध्ये मांडले. (स्त्रियांच्या व्यवसायांत ही वाढ दिसली नाही, त्याची कारणे हा वेगळ्या पत्राचा विषय.) असे असूनही बोस्नियापासून मंगोलियापर्यंतच्या सहा देशांतले सूक्ष्मकर्जाचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठेच कायापालट आढळला नाही.

माझ्या मते मेख हप्त्यात आहे. कोलकात्यात एरिका फील्ड, रोहिणी पांडे व सहकाऱ्यांनी काही कर्जदारांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांनी ठेवला, काहींचा दोन महिन्यांनी. सुमारे तीन वर्षांनी पाहिले तर सवलत मिळालेल्यांचा नफाही जास्त आणि भांडवलही. पंधरवड्यात परतफेड सुरू होणार असेल तर कोण यंत्र घेईल? लगेच रोकड हाती येईल असाच माल माणूस भरणार. या गटात थकबाकीही वाढली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वसुलीचा टक्का मिरवणाऱ्या संस्थांनी त्यापायी कोणते धंदे उभेच राहिले नाहीत, याचाही हिशेब करावा.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. इजिप्तमधल्या फुवा गावी डेव्हिड ॲटकिन, अमित खंडेलवाल आणि ॲडम उस्मान यांनी गालिचे विणणाऱ्या छोट्या कारखानदारांपैकी काहींना सोडतीने परदेशी ऑर्डर मिळवून दिल्या. त्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. पुढे सर्वांना एकाच मागावर, सारख्याच धाग्याने गालिचा विणायला सांगितले, तेव्हाही निर्यात केलेल्यांचे काम सरस ठरले. चोखंदळ गिऱ्हाइकाने हात घडवला होता!

अशी ऑर्डर मिळाली तरी माल पाठवल्यावर पैसे यायला महिने लागतात आणि बँक तारण मागते. व्यापारासाठीच्या कर्जाची जगभरातली तूट २०२२ मध्ये अडीच लाख कोटी डॉलर असल्याचा आशियाई विकास बँकेचा अंदाज आहे. मेक्सिकोच्या नाफिन या सरकारी विकास बँकेने २००१ पासून एक वाट दाखवली: बड्या कंपनीने मान्य केलेल्या बिलावर लहान पुरवठादाराला आधीच पैसे मिळतात, आणि भरवसा धरला जातो तो त्या कंपनीच्या पतीचा. अन्य देशांनी ही सोय जरूर उचलावी. मात्र बिल ठरावीक मुदतीत मान्य करण्याचे बंधन बड्या खरेदीदारांवर आधी घालावे. ते बिल दाबून बसले तर पुरवठादाराला एक पैसाही सुटणार नाही.

आपला,
एक वाचक