काचबिंदूचा थेंब एकच पुरे

महोदय,

काचबिंदूचं औषध ‘नीट गेलं नसेल’ म्हणून अनेकजण दोन-तीन थेंब टाकतात. डोळ्यात एक थेंबही जेमतेम मावतो. बाकीचं गालावर ओघळतं. खालची पापणी ओढा, बाटलीचं टोक कुठेही न टेकवता एकच थेंब घाला, डोळा मिटा आणि नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरा. नाहीतर औषध अश्रुनलिकेतून नाकात, तिथून रक्तात उतरतं. टिमोलॉल या काचबिंदूच्या औषधानं दमेकऱ्याला धाप लागू शकते ती अशीच, म्हणून दमा असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. डोळ्यातला दाब उतरला म्हणून थेंब मनानं बंद करणं सर्वांत घातक. दाब पुन्हा चढला तरी बहुधा दुखत नाही, कळतही नाही. लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्याच आणखी एका औषधाची न उघडलेली बाटली सहसा फ्रीजमध्ये लागते. एप्रिलच्या पुण्यात ती स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उघडल्यावर तिच्यावर तारीख लिहा.

— एक नेत्रतज्ज्ञ, पुणे ३०