दिल्याला पत्र: बिनव्याजी हप्त्याचं व्याज

डोंबिवली,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय दिल्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बदलापूर फास्टमध्ये लोंबकळत होतो, त्यामुळे निम्मं ऐकूच आलं नाही. एवढं कळलं की तुझ्या क्रेडिट कार्डावरची ८० हजारांची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर वळवायची ऑफर आली आहे, पहिले तीन महिने व्याज नाही म्हणतात, आणि तू ‘हो’ म्हणायच्या बेतात आहेस. थांब जरा. माझं काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. वहिनींनाही वाचायला दे, हिशेब तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतो.

पाडव्याला तनयासाठी लॅपटॉप घेतला, ७२ हजारांचा, कार्डावरच. दोन दिवसांत बँकेचा मेसेज आला: पाडवा ऑफर, तुमची खरेदी १२ नो-कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी, हप्त्यांत बदला. खाली लिंक. पाठोपाठ एका मुलीचा फोन. मी सरळ विचारलं, म्हणजे महिना सहा हजारच ना? ‘हो सर, सहाच हजार. फक्त प्रोसेसिंगचे २९९.’ लिंक उघडली तर त्यात रक्कम, हप्त्यांची संख्या आणि ओटीपीची चौकट. व्याजाचा दर कुठेच नाही. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला. कशाचेही स्क्रीनशॉट घेतो म्हणून तू मला हसतोस, पण पुढे तोच कामाला आला.

एप्रिलचं बिल आलं. मुद्दल ५,५९८.६०, व्याज ९००, व्याजावर जीएसटी १६२, प्रोसेसिंग २९९, त्यावर पुन्हा जीएसटी ५३.८२. सहा हजारांच्या जागी ७,०१३. दर काढला तर वर्षाला १५ टक्के. म्हणजे बारा महिन्यांत जवळपास सहा हजार व्याज आणि त्यावर हजारभर जीएसटी. घरकर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर १८ टक्के असतो, हे लोकांना माहीतच नसतं. बिलात एका ओळीत बारीक अक्षरांत येतं आणि निघून जातं.

कस्टमर केअरला फोन लावला. ‘सर, ती ऑफर ठराविक ब्रँडसाठी होती.’ मग मला का पाठवली? ‘मेसेज सिस्टीम जनरेटेड आहे.’ बरं, मग हप्ते रद्द करा. ‘करतो सर, पण फोरक्लोजरचे, म्हणजे मुदतीआधी बंद करण्याचे, तीन टक्के लागतील.’ म्हणजे त्यांनी न सांगितलेल्या व्याजातून सुटायलाही मीच पैसे मोजायचे. माझा आवाज चढला, तर ही आतून धावत आली. तिला वाटलं शेजाऱ्यांशी पार्किंगवरून भांडतोय.

आमच्या मेहुण्यांचं म्हणणं पडलं की व्याज अवाच्या सवा आहे अशी तक्रार ठोक, कार्डावर ३० टक्क्यांची मर्यादा आहे. होती, हे खरं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरचं कार्डव्याज अनुचित ठरवलं होतं. पण सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. आणि माझा दर होता १५. त्या वाटेने गेलो असतो तर बँकेने पहिल्याच उत्तरात मला गुंडाळलं असतं. म्हणून दर जास्त आहे असं मी एका शब्दानेही म्हटलं नाही. सांगितला एक आणि लावला दुसरा, एवढंच धरून बसलो.

त्याला आधार चांगला मिळाला. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबद्दलचे २०२२ चे निर्देश आहेत, १ जुलै २०२२ पासून लागू. त्यात हप्त्यांबद्दल स्पष्ट लिहिलंय की मुद्दल किती, व्याज किती, आणि नो-कॉस्ट करण्यासाठी सूट कोण किती देतंय, हे हप्ते करण्याआधी दाखवलं पाहिजे आणि बिलातही वेगळं आलं पाहिजे. व्याज असलेले हप्ते बिनव्याजी म्हणून खपवायचे नाहीत, हेही त्यातच. गंमत म्हणजे शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. कुणीतरी ते व्याज भरतंच, नाहीतर प्रोसेसिंग फीच्या आडून तुमच्याकडूनच काढलं जातं. तरी दर सणाला तीच जाहिरात.

मग मेल लिहिला. रडगाणं नाही, राग नाही. मेसेज, स्क्रीनशॉट आणि बिल जोडलं, निर्देशातलं ते कलम उतरवलं आणि खाली तीन प्रश्न: व्याजाचा दर मला ओटीपीआधी कुठे दाखवला? फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये तुमची प्रतिनिधी काय बोलली? सूट देणारा कोण होता? कस्टमर केअरने साचेबद्ध उत्तर पाठवलं. तेच सगळं नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे बँकेतल्याच तक्रारींसाठीच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, पाठवलं आणि शेवटी एक ओळ वाढवली की ३० दिवसांत समाधान झालं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जाईन. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील नको. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, ही अट आहे. फोनवर कितीही घसा फोडलास तरी तो हिशेबात धरू नकोस.

मधल्या काळात बिल मात्र पूर्ण भरत राहिलो. ‘वाद चालू असताना कशाला भरतोस?’ असं ऑफिसात सगळ्यांनी ऐकवलं. पण थकबाकी राहिली की बिनव्याजी मुदत गेली, मग किराण्यावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज. वर सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, डाग. नऊशे रुपयांच्या भांडणात तो भुर्दंड कोण घेणार?

जूनमध्ये उत्तर आलं. लावलेलं व्याज परत, पुढच्या हप्त्यांतलंही दर महिन्याला जमा करू. जीएसटी आणि फी मात्र नाही. आणि हे सगळं म्हणे आपले जुने संबंध लक्षात घेऊन, अपवाद म्हणून. दर दाखवला नव्हता, याबद्दल अख्ख्या पत्रात चकार शब्द नाही. रेकॉर्डिंगचा तर उल्लेखच टाळला. ही म्हणते, मिळालं ना, गप्प बस आता. मी गेल्या आठवड्यात लोकपालाकडे तक्रार टाकली. पैशापेक्षा मला त्यांच्याकडून लेखी हवंय. हौस म्हण हवं तर.

आता तुझं. खरं सांगायचं तर तुझी ऑफर वाईट नाही. आत्ता तू महिन्याला साडेतीन टक्के भरतोयस, म्हणजे २,८०० व्याज आणि ५०४ जीएसटी. समज, नव्या बँकेने दोन टक्के फी घेतली, तर १,६०० आणि जीएसटी २८८, एकदाच. तीन महिन्यांना हे नक्कीच स्वस्त. पण बिनव्याजी असूनही १,८८८ लागले, हे लक्षात ठेव. आणि खरा प्रश्न चौथ्या महिन्याचा आहे. तोवर सगळे ८० हजार फेडू शकणार असशील तरच जा. किमान रक्कम भरत बसलास तर चौथ्या महिन्यापासून पुन्हा तोच दर, फक्त बँक बदललेली. त्या कार्डावर नवीन खरेदी अजिबात करू नकोस.

फोनवर ‘हो’ म्हणू नकोस. म्हण, मेलवर पाठवा: फी किती, तीन महिन्यांनंतर दर किती, मुदत कोणत्या तारखेपासून मोजणार. पाठवलं तर मला फॉरवर्ड कर, मी बघतो. ‘ऑफर आजच संपतेय’ म्हणाले तर संपू दे, पुढच्या आठवड्यात दुसरी येते.

गणपतीला येतोयस ना? यंदा २७ तारखेला आहे, सुट्टी टाक. तनयाला तुझ्याकडून सांगलीचे बेदाणे हवेत. काकूंना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझा,
अव्या