नैनितालच्या नाववाल्या दाज्यूंना

दाज्यू, सप्रेम नमस्कार.

मोठ्या भावाला तुमच्याकडे दाज्यू म्हणतात, एवढं एकच कुमाऊँनी मी तिथे शिकले. तुम्हाला मराठी येत नाही, पण लिपी तर एकच आहे. अक्षरं लावत वाचलंत तर निम्मं कळेल.

मे महिन्यात तल्लीतालच्या घाटावर तुमच्या नावेत बसलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली म्हातारी माझी आई. त्या दिवशी सकाळपासून आमच्या टूरवाल्यांनी आम्हाला 'पॉइंट' दाखवले होते. केव्ह गार्डनमध्ये ओणवं होऊन गुहेत शिरायचं, प्राणिसंग्रहालयाला चढण, स्नो व्ह्यूला रोपवेची रांग आणि वर पोचल्यावर नुसते ढग. प्रत्येक ठिकाणी, "आजी, तुम्ही गाडीतच बसा, आम्ही फोटो दाखवू." आईनं पुण्याहून निघताना एकच मागितलं होतं, नैनादेवीचं दर्शन. सतीचे डोळे पडले ते ठाणं. तर म्हणे देऊळ यादीत नाही, पार्किंग मिळत नाही. पैसे घेताना "सगळं दाखवू" म्हणाले होते!

तुम्ही काही विचारलंही नाहीत. तुमच्या धाकट्यांना सांगावं तसं आम्हाला सांगत होतात. समोरचा उंच तो नैना पीक. मुलं क्रिकेट खेळतात ते फ्लॅट्सचं मैदान म्हणजे १८८० साली कोसळलेला डोंगर. १५१ माणसं गेली, जुनं देऊळही त्याखालीच गेलं. हे ऐकून आईनं पाण्यातूनच हात जोडले. आणि मग तिच्या लक्षात आलं की पायात चपला आहेत.

नावेची फळी ओली. पाणी बर्फासारखं. ती वाकून चपलेचा पट्टा सोडवत होती आणि मी "राहू दे ग आई" म्हणत होते. तुम्ही वल्ही टेकवून ठेवलीत, गळ्यातला मफलर काढलात आणि तिच्या पायांखाली अंथरलात. "माँजी, पैर यहाँ रखिए." नाव वाऱ्यानं फिरत होती, तर पुन्हा वल्ही धरून ती देवळाकडे तोंड करून राखलीत. घंटा पाण्यावरून ऐकू येत होती. किती वेळ, मला नाही सांगता येत. मी दुसरीकडे बघत होते, डोळे भरले होते म्हणून.

भाडं नेहमीचंच घेतलंत. वरचे पैसे परत केलेत, जरा रागावूनच.

जगात भली माणसं असतात वगैरे मी एरवी म्हणत नाही. नोकरी बँकेच्या काउंटरवर झाली, माणसं पुष्कळ पाहिली. पण दिवसभर तिला कुणी "तुम्ही बसा" सोडून काही म्हणालं नव्हतं, अगदी मीसुद्धा.

तो भिजलेला मफलर तुम्ही तसाच गळ्यात गुंडाळलात, हे आईनं बघितलं होतं. तिनं लोकर आणली आहे. विचारतेय, रंग कुठला चालेल?