तिघांचे कार्यालय आणि आमची आळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै 2025 मध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा आपल्या राज्यातले. त्या दिवशी आमच्या घरी गोडधोड झाले. बातम्या वाचताना मात्र मला सारखी आठवत होती ती त्याआधी आमच्या वाईत येऊन राहिलेली तीन माणसे. वारशाच्या बातमीत अशांचे नाव कधी येत नाही, म्हणून हे पत्र.

पुण्यातल्या एका छोट्या सल्लागार संस्थेची ही माणसे. संस्था म्हणजे एवढीच तिघे: जुन्या वास्तूंच्या जतनाचे शिक्षण घेतलेल्या एक वास्तुविशारद बाई, एक नगररचनाकार आणि मोडी वाचणारी, इतिहासात एम. ए. केलेली मुलगी. एका खासगी न्यासाने त्यांना घाटांची आणि आळ्यांची नोंद करायला पाठवले होते. कृष्णाबाईच्या, म्हणजे आमच्या कृष्णा नदीच्या, उत्सवात येऊ नका, मोजमापाला जागा मिळणार नाही, असे मी सुचवले. नगररचनाकार म्हणाले, "काकू, आम्हाला गर्दीच बघायची आहे."

आमच्या ओसरीवर त्यांनी हातभर रुंदीचे कागद जोडून नकाशा अंथरला आणि टिकल्यांची पाकिटे ठेवली. मांडवाचे खांब कुठे रोवतात, प्रसादाची चुलाणं कुठे पेटतात, म्हाताऱ्या बायकांना कोणत्या पायऱ्या उतरवतात, पुराचे पाणी कुणाच्या कितव्या पायरीला लागले होते, असे एकेक विचारत गेले. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी जावा म्हणून सरदार रास्ते यांनी 1762 मध्ये देऊळ बांधताना ती तशी केली, हे आम्ही शाळेत मुलांना सांगायचो. ते ऐकून नगररचनाकार म्हणाले, "बांधणाऱ्याला नदी ठाऊक होती. आम्हाला नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय."

आता आमच्या भिंतीची गोष्ट. 2006 मध्ये ह्यांनी माजघराच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. तेव्हापासून ओल आतून वर चढत गेली, दर दोन वर्षांनी रंग काढला तरी पोपडे येतच. बाईंनी बोटाच्या पेरांनी भिंत वाजवली, पोकळ वाजली तिथला तुकडा छिन्नीने अलगद काढला. आतल्या जुन्या पातळ विटेचा भुगा त्यांच्या तळहातावर आला, वर पांढरे मीठ फुललेले. "पाणी जमिनीतून येतं ते येतंच, काकू. चुन्यातून ते बाहेर पडत होतं, ती वाट बंद झाली." वीस वर्षे मी पावसाला दोष देत होते.

मग त्या मुलीने आमच्या पेटीतले दप्तर मागितले. दोन दिवस ओसरीवर बसून तिने मोडीतले खर्चाचे कागद लावले. त्यात वाड्याच्या दुरुस्तीचा हिशेब निघाला: चुना, वाळू, गूळ, हिरडा आणि चुना दळायच्या घाणीच्या बैलांची मजुरी. ती यादी घेऊन दोघी आळीतल्या एका वृद्ध गवंड्याकडे गेल्या. त्यांनी लहानपणी वडिलांबरोबर चुन्याची घाणी चालवलेली. चुना किती दिवस मुरवायचा, गुळाचे पाणी केव्हा घालायचे, हे त्यांनी हातांनी दाखवत सांगितले आणि बाईंनी एका वहीत उतरवून घेतले. त्यांना असे विचारायला आजवर कुणीच आले नव्हते.

अहवाल आला तेव्हा पहिल्याच पानावर माहिती देणाऱ्यांची नावे होती. गुरव, घाटावरची फुलवाली, पोहायला शिकवणारे काका आणि सगळ्यांच्या वर ते गवंडी. तिघांची स्वतःची नावे शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

अशा माणसांना काम मिळणे मात्र अवघड झाले आहे. निविदेत लाखोंची वार्षिक उलाढाल, अनामत रक्कम, मोठ्या कामांचे दाखले मागतात आणि शेवटी ज्याचा दर कमी त्याला काम. तिघांच्या कार्यालयाने यात कसे उभे राहावे? एका ठिकाणचे त्यांचे बिल दीड वर्ष अडकले होते. कुठले, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ओसरीवर बसून ऐकण्यात जे दिवस जातात, त्यांचा रकाना कुठल्याच दरपत्रकात नसतो.

मुंबईत वारसा वास्तूंसाठी 1995 मध्येच नियमावली आली. छोट्या गावांतले वाडे आणि घाट तेवढी वाट पाहू शकत नाहीत, दर पावसाळ्यात एखादी भिंत बसते. शासनाला माझी विनंती आहे की अशा कामांसाठी उलाढालीची अट शिथिल करावी, कामाची गुणवत्ता दराआधी तपासावी आणि गावात राहून लोकांशी बोलण्याचे दिवस मोजून त्यांचे पैसे द्यावेत. अहवाल मराठीत असण्याचीही अट घालावी. आमचा अहवाल मराठीत होता, म्हणून मला तो त्या गवंड्यांना वाचून दाखवता आला. त्यांना दिसत नाही आता. चुन्याचे पान मी दोनदा वाचले आणि हिरड्याच्या प्रमाणात त्यांनी एक दुरुस्ती सांगितली. ती मी पुण्याला कळवली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाई